नोकरीला कायदा आहे, कुटुंबाला नाही

म्हसळ्याच्या बाजारात जमिनीच्या वादासाठी वकील विचारला, तर चार नावे लगेच सांगतात. बायकोला कुवेतला न्यायचे आहे, दुबईत जन्मलेल्या मुलाचा दाखला अडला आहे, केपटाउनच्या चुलत्यांना ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचे) कार्ड हवे आहे, असे विचारले की बोट ट्रॅव्हल एजंटच्या दुकानाकडे जाते. तिकीट काढणारा, पासपोर्टचा फॉर्म भरणारा, निकाहनाम्याचे भाषांतर करून आणणारा आणि कायद्याचा सल्ला देणारा माणूस तिथे एकच असतो. लोक त्याच्याकडे जातात, कारण दुसरे दार कुणी उघडलेलेच नाही. आणि विषय साधा नाही. नवरा-बायको एका छपराखाली राहणार की नाही, मूल कोणत्या देशाचे ठरणार, म्हातारपणी माणूस कुठे परतणार, हे ज्या कागदांवर ठरते त्या कागदांचा हा विषय आहे.

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड हा पट्टा पूर्वी जंजिरा संस्थानाचा, सिद्दींचा मुलूख. आसपासची माणसे त्याला हबसाण म्हणत. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भाग कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. इथल्या कुणबी-आगरी घरांचा ओढा प्रामुख्याने मुंबईकडे राहिला. कोकणी मुसलमान घरांचा मात्र समुद्रापलीकडे. जहाजावरची खलाशीगिरी, मग दक्षिण आणि पूर्व आफ्रिका, पुढे कुवेत, सौदी, अमिराती. परदेशी असलेल्या माणसाचे कुटुंब कुठे राहील, हा प्रश्न या गावांना शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची सर्वांत चांगली नोंद सापडते ती केपटाउनच्या अभिलेखागारात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंजिरा संस्थान आणि शेजारच्या कुलाबा-रत्नागिरी जिल्ह्यांतून गेलेली माणसे केप वसाहतीत दुकाने, फळगाड्या आणि मजुरीवर जगत होती. ती करारबद्ध मजूर नव्हती. स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून गेलेली होती. १९०२ च्या केपच्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्याने आधीपासून राहणाऱ्यांनाही अडकवले. गावी जायचे तर परतीचा परवाना काढायचा, त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे, आणि ठरलेल्या मुदतीत परत यायचे. मुदत चुकली की तिथे राहण्याचा हक्कच गेला. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या परवान्यांच्या फायलींवर बारकाईने काम केले आहे. आईचे आजारपण, घरातले लग्न, चुकलेले जहाज अशा कारणांनी माणसाचे देशांतरच कसे रद्द होई, हे त्या फायलींतून दिसते. पुष्कळ पुरुषांनी बायका गावी ठेवूनच आयुष्य काढले.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत पोचले. गांधीजींनी सत्याग्रहाच्या इतिहासात लिहिले आहे की एका सभेत श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, म्हणून त्यांनी गोखल्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह धरला आणि भाषांतर स्वतः केले. गोखले मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. म्हणजे या प्रश्नावरची मराठी चर्चा तेव्हापासूनची आहे, आणि ती करणाऱ्यांत कोकणचे हिंदू-मुसलमान दोघेही होते.

पाचच महिन्यांनी, १४ मार्च १९१३ रोजी, केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. सर्ल यांनी एक प्रसिद्ध निकाल दिला. पोर्ट एलिझाबेथच्या हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला प्रवेश नाकारला गेला होता. जो धर्माचार बहुपत्नीत्वाला वाव देतो त्या आचाराने झालेले लग्न, प्रत्यक्षात पत्नी एकच असली तरी, स्थलांतराच्या कायद्यापुरते लग्न धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी अशा सगळ्या भारतीय विवाहित स्त्रिया त्या देशाच्या लेखी पत्नी उरल्या नाहीत. कस्तुरबांसह बायका तुरुंगात गेल्या त्या या निकालानंतर. १९१४ च्या इंडियन्स रिलीफ ॲक्टने एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुले यांना मान्यता दिली. १९२७ च्या केपटाउन करारातही हे तत्त्व टिकले. १९५३ मध्ये वर्णभेदी सरकारने कायदा दुरुस्त करून भारतातून लग्न करून आणलेल्या बायकांना दार बंद केले. आणि केवळ शरियतनुसार लागलेल्या निकाहाला दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात विवाह म्हणून पूर्ण मान्यता मिळायला हवी, हे तिथल्या घटना न्यायालयाने सांगितले ते २८ जून २०२२ रोजी. सर्ल निकालानंतर १०९ वर्षांनी.

हा इतिहास इतक्या तपशिलात सांगण्याचे कारण आहे. बाई मरियमचा निकाह झाला होता याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो सरकारच्या कोणत्या वहीत तो मोजला जाईल याचा. म्हसळ्यातून आज बाहेर पडणाऱ्या बाईची अडचण नेमकी इथेच आहे.

आखाती देशांत नागरिकत्वाची वाट जवळपास नाहीच. चाळीस वर्षे कुवेतमध्ये काढलेला माणूसही शेवटी म्हसळ्यालाच परततो. तिथला सगळा खेळ मुक्कामाच्या परवान्याचा, इकाम्याचा, आणि तो नोकरीला व कफिलाला, म्हणजे प्रायोजक मालकाला, बांधलेला. स्वतः राहणे वेगळे आणि कुटुंब नेणे वेगळे. कुवेतने बराच काळ थांबवलेले कौटुंबिक व्हिसे जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले, पण किमान पगार ८०० दिनार आणि पदवी अशी अट घालून. पदवीची अट त्याच वर्षी जुलैत निघाली, पगाराची राहिली. ड्रायव्हर, स्टोअरकीपर, सेल्समन यांतल्या बहुतेकांना ८०० दिनार हा आकडा हाताबाहेरचा आहे. अमिरातीची अट त्या मानाने सैल आहे: ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. शिवाय २०२२ पासून अविवाहित मुलाला २५ व्या वर्षापर्यंत वडिलांच्या नावावर ठेवता येते. सौदीने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल कर लावला आणि दरवर्षी १०० वाढवत २०२० मध्ये तो ४०० वर नेला. बायको आणि तीन मुले म्हणजे महिना १,६०० रियाल, रुपयांत पस्तीस हजारांच्या वर, केवळ कुटुंब सोबत ठेवल्याबद्दल. त्या काळात अनेक घरांनी बायका-मुलांना परत पाठवले आणि मुलांच्या शाळा मध्येच बदलल्या.

ब्रिटनचे उदाहरणही याच जातीचे आहे. जोडीदाराला नेण्यासाठी लागणारे किमान उत्पन्न १८,६०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर गेले. अमेरिकेत भावंडांसाठी भरलेल्या अर्जाला भारतीयांच्या बाबतीत दीड दशकाहून अधिक थांबावे लागते. म्हसळ्यात त्या वाटेने गेलेली घरे थोडी, म्हणून त्यात शिरत नाही.

कागद किती मोलाचा, हे आखातातल्या लोकांना १९९० मध्ये कळले. इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे पावणेदोन लाख भारतीय विमानांनी परत आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने कुवेत-इराक सोडावे लागलेल्यांसाठी ठरावीक रकमा लावल्या. कुटुंबाला ५,००० किंवा ८,००० डॉलर. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात आपण तिथून निघालो, हे दाखवायचे होते. सगळे सोडून पळालेल्या माणसाकडे पासपोर्टवरचा शिक्का नाहीतर इकाम्याची झेरॉक्स एवढाच पुरावा होता.

आता एखादी फाईल उघडून पाहू. कौटुंबिक व्हिशासाठी निघालेल्या घरात ती प्लास्टिकच्या पिशवीत असते. वर निकाहनामा, उर्दूत, काझींच्या सहीचा. खाली ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, देवनागरीत. मग शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट, नवऱ्याच्या इकाम्याची प्रत. नवऱ्याचे नाव निकाहनाम्यावर मोहम्मद, जन्मनोंदीत महमद, शाळेत महंमद, पासपोर्टवर रोमन लिपीत आणखी एका तऱ्हेने. अरबीत हे नाव लिहिण्याची रीत एकच आहे, पण तिथला कारकून रोमन अक्षरे पाहून टाइप करतो आणि फरक दिसला की फाईल परत. बाईचे नाव तर लग्नाआधी वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे, आडनाव कुठे आहे, कुठे नाही. जुन्या पासपोर्टवर नुसते एकच नाव असे. अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून असे एकेरी नाव पर्यटन आणि भेटीच्या व्हिशासाठी बंद केले, तेव्हा कित्येक आयांचे मुलांकडे जाणे अडले.

अशा वेळी एजंट प्रतिज्ञापत्र करून देतो: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच.’ तेवढ्यापुरते काम निघते, पुढच्या कचेरीत तोच फरक पुन्हा उभा राहतो. माझ्या मते पहिला कायदेशीर सल्ला हाच हवा की नोंद मुळात दुरुस्त करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला चुकलेली नोंद पुराव्यावर दुरुस्त करता येते. नाव खरोखर बदलायचे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देता येते. दोन्ही गोष्टी वेळखाऊ आहेत, पण एकदाच कराव्या लागतात.

निकाहाचेही तसेच. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा सर्व धर्मांच्या लग्नांना लागू आहे. लग्नानंतर ९० दिवसांत ज्ञापन द्यायचे असते आणि गावात ग्रामसेवकच निबंधक असतो. निकाहनामा हा धर्माच्या दृष्टीने पुरेसा आहे. वकिलातीच्या दृष्टीने सरकारी प्रमाणपत्र लागते, हे नवरीकडच्या मंडळींना लग्नाच्या दिवशीच सांगायला हवे. काझी आणि जमातीचे लोक मनावर घेतील तर हे सहज होण्यासारखे आहे. या कायद्याची व्याप्ती किती आहे हे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. ठाण्यातल्या एका माणसाचा अल्जेरियन स्त्रीशी झालेला निकाह महापालिका नोंदवत नव्हती, कारण तो त्याचा तिसरा विवाह होता. व्यक्तिगत कायद्याला मान्य असलेला विवाह नोंदवायला हा कायदा आड येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. बहुपत्नीत्वाबद्दल कुणाचे काहीही मत असो, आणि माझे ते विरुद्धच आहे, नोंद नाकारली की त्याचा भुर्दंड बाईच्याच मुक्कामावर आणि हक्कांवर पडतो.

प्रमाणपत्र झाले की साक्षांकन. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर परस्परांचे कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, आहे. ओमान आणि बहरीन त्यात होतेच, सौदी अरेबियाही डिसेंबर २०२२ पासून आला; म्हणजे सौदीसाठी वकिलातीचा वेगळा शिक्का लागण्याचे कारण उरले नाही. कुवेत आणि अमिराती करारात नाहीत, तिथे वकिलातीची पायरी अजून आहे. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. एजंट सेवेचे पैसे घेणारच, आणि म्हसळ्याहून मुंबईला जाऊन येण्यात दिवस मोडतो हेही खरे. पण मूळ फी काय आणि मेहनताना काय, हे पावतीवर वेगळे असायला हवे.

सगळ्यांत अवघड काम जुन्या नोंदींचे. १९६९ च्या कायद्याआधीचे जन्म-मृत्यू गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात, नोंदले जात. कित्येक पाने मोडीत. उर्दू शाळांची जनरल रजिस्टरे उर्दूत. वाळवी आणि पावसाळा यांतून वाचलेल्या कागदांवर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे छपरे उडाली, घराघरांत कपाटे भिजली. ज्याच्या जन्माची नोंदच सापडत नाही त्याला उशिरा नोंद करून घ्यावी लागते, आणि वर्ष उलटून गेल्यावर त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात अशा दाखल्यांवरून वादळ उठले, सरकारने ते काही काळ थांबवले आणि मार्चमध्ये पडताळणीची कडक पद्धत आणली. खोटे दाखले शोधायलाच हवेत. पण ज्या बाईचा जन्म १९५८ साली घरी, सुईणीच्या हातून झाला, तिच्यासाठी कडक पद्धत म्हणजे पुरावे जुळवून देणाऱ्या माणसाची गरज, आणि तो माणूस तालुक्यात कुणी नेमलेला नाही. नव्या पिढीला तर पळवाटच नाही: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो.

आता नागरिकत्व. परदेशी जन्मलेल्या मुलाबद्दल गावात मोठा गैरसमज आहे: आई-बाप भारतीय, म्हणजे मूल आपोआप भारतीय. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षात भारतीय वकिलातीत करावी लागते. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी. आखातात जन्म झाला म्हणून त्या देशाचे नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे ही नोंद राहिली तर मूल कुठल्याच देशाचे न उरण्याची भीती असते. जन्मनोंदणीची आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नाही. वकिलातीत नोंद न झालेले मूल घेऊन आई-बाप कायमचे राहायला परतले, तर १९६९ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्मनोंद करता येते. यातून नागरिकत्वाचा प्रश्न सुटत नाही, पण शाळेचा आणि पुढच्या कागदांचा पाया पडतो. एका आठवड्यात सामान आवरून परतलेल्या कुटुंबाला पहिल्या दोन महिन्यांत हे सांगणारे कुणी भेटत नाही.

परदेशी सुनांचा प्रश्न संख्येने लहान, पण फार नाजूक. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(क) खाली नोंदणीचा अर्ज करता येतो, पण सात वर्षांचा भारतातला मुक्काम लागतो: अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे. मधे व्हिसा संपला, नूतनीकरण राहिले, तर हिशेब बिघडतो. म्हसळ्याच्या घरात राहणाऱ्या परदेशी बाईची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत, म्हणजे अलिबागला. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह चार जुने कायदे जाऊन एकच नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा लागू झाला आहे. मुदत संपल्यावर राहण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. नूतनीकरणाच्या तारखा आता विसरून चालणार नाही.

कोकणी मुसलमानांची एक शाखा कराचीत आहे आणि फाळणीनंतरही नात्यागोत्यात लग्ने होत राहिली. अशा घरात कराचीहून आलेली सून दीर्घ मुदतीच्या व्हिशावर वर्षानुवर्षे राहते. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती आणि ११ मार्च २०२४ चे तिचे नियम तिला लागू नाहीत. त्यात मुसलमान नाहीत. तिला सात वर्षांचाच रस्ता. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसे वगळले होते. पण ही सूट घरच्यांना समजेपर्यंतचे दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करा. लग्नाने आलेली बाई, इथे वाढलेली मुले आणि हातात शत्रुराष्ट्राचा पासपोर्ट. माझे मत स्पष्ट आहे: अशा बाईला सल्ल्यासाठी पहिल्या दिवसापासून वकील मिळणे हा सुरक्षेच्या विरोधातला मुद्दा नाही; तिचे कागद नीट असण्यात सरकारचाही फायदा आहे.

उलट्या दिशेचा प्रश्न ओसीआयचा. केपटाउनची चौथी-पाचवी पिढी म्हसळ्याची कबरस्ताने पाहायला येते, काहींना ओसीआय कार्ड हवे असते. सगळे पणजोबांपासून मोजतात, आणि आपण चौथ्या पिढीपलीकडचे म्हणून गप्प बसतात. कायदा वेगळे सांगतो. २६ जानेवारी १९५० रोजी जो भारतीय नागरिक व्हायला पात्र होता, त्याचे मूल, नातू आणि पणतू यांना ओसीआय मिळू शकते. आणि त्या दिवशी परदेशी राहणारा पात्र कोण? जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणी १९३५ च्या कायद्यातल्या ‘इंडिया’त जन्मले होते तो. त्या व्याख्येत संस्थाने येतात, जंजिराही. म्हणजे पणजोबा म्हसळ्यात जन्मून १९०५ ला गेले असतील आणि आजोबा १९२० मध्ये केपटाउनला जन्मले असतील, तरी १९५० साली आजोबा स्वतः पात्र होते. मोजणी त्यांच्यापासून करायची. एक पिढी सहज वाढते. पुरावा मात्र म्हसळ्यातच: पणजोबांची जन्मनोंद, शाळेचे रजिस्टर, जुन्या सातबाऱ्यावरचे नाव, वारसाचा फेरफार. पणजोबांच्या परतीच्या परवान्यावरचा फोटो केपटाउनला आहे आणि जन्म कोतवाल बुकात; दोन्ही जोडून देणारा माणूस लागतो. दोन अडसर लक्षात ठेवायचे. आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा-पणजी यांत कुणी कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशाचे नागरिक झाले असतील तर कार्ड मिळत नाही. कराचीला जाऊन आलेल्या शाखांचे दार यामुळे बंद होते. दुसरे, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. आणि मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर तबलीगच्या कामासाठी वेगळी परवानगी लागते. जमातीत जाणाऱ्या पाहुण्यांना हे माहीत असलेले बरे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांच्या मुलांचाही एक कंगोरा आहे. आई-बापांनी औपचारिक घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडले असेल, तर अल्पवयीन मुलाला सज्ञान झाल्यावर एका वर्षात ते परत घेता येते. पण परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ते आपोआप संपले असेल, तर मुलाला ही सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका तरुणाच्या प्रकरणात ठरवले. पासपोर्ट बदलताना कुणी हा फरक समजावला असता तर कित्येकांनी निर्णय वेगळ्या क्रमाने घेतला असता.

मग हे समजावणार कोण? नोकरीसाठी जाणाऱ्याला निदान १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. भरती एजंटला परवाना लागतो, उमेदवाराकडून घ्यायच्या फीला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे, ठरावीक देशांत जाणाऱ्या ईसीआर (उत्प्रवासन तपासणी लागणाऱ्या) पासपोर्टधारकाचा करार तपासला जातो. त्याच माणसाने वर्षभराने बायकोचा व्हिसा काढायला घेतला की कायदा संपतो. कौटुंबिक व्हिसा, मुक्काम, नागरिकत्व यांवर पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला महाराष्ट्रात परवाना लागत नाही, फीला मर्यादा नाही, चूक झाली तर ग्राहक आयोगाखेरीज दाद नाही. पंजाबने २०१२ मध्ये ट्रॅव्हल एजंट-सल्लागारांच्या परवान्याचा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने नोंदणीशिवाय स्थलांतराचा सल्ला देणे हा गुन्हा आहे. कॅनडात सल्लागारांवर एक वेगळी नियामक संस्था २०२१ पासून देखरेख ठेवते. तिथे अर्ज भरून देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक कुणालाही तपासता येतो. म्हसळ्याहून कॅनडा-ब्रिटनच्या फायली भरणाऱ्यांनी हा क्रमांक आधी मागावा. आपल्याकडे २०२५ मध्ये १९८३ च्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाने पुढे ठेवला. कुटुंबाच्या सल्लागारांना त्यात ओढले नाही, तर मोठा भाग पुन्हा बाहेर राहील.

परवान्याचा कायदा झाला तरी सल्ला फुकट मिळणार नाही. त्यासाठी यंत्रणा मात्र आहे, वापरली जात नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नवरा कुवेतला आणि बायको म्हसळ्याला, अशा घरातली बाई त्या हक्काची धनी आहे. जन्मनोंद दुरुस्त करायची आहे, निकाह नोंदवायला नकार मिळाला आहे, नवऱ्याने फोनवरून तलाक पाठवून पैसे बंद केले आहेत, मुलाचा पासपोर्ट त्याने अडवून ठेवला आहे, यांतल्या प्रत्येक कामासाठी ती अलिबागच्या जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करू शकते. १५१०० या क्रमांकावर फोन करू शकते. फोनवरचा तीन तलाक २०१९ पासून गुन्हा आहे आणि पोटगीचा हक्क त्याच कायद्यात आहे. अमिरातीतल्या न्यायालयांचे दिवाणी हुकूमनामे जानेवारी २०२० पासून भारतात अमलात आणता येतात, याचा उपयोगही बायकांना होऊ शकतो आणि त्यांच्याविरुद्धही. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात सुचवले आहे. कोकणात ते वाट न पाहता सुरू करता येईल.

या मोफत मदतीच्या पॅनेलवरच्या वकिलांना या विषयाचे प्रशिक्षण कुणी देत नाही, ही खरी उणीव. जमीन, पोटगी, फौजदारी यात ते तरबेज असतात. कलम ५(१)(क) त्यांच्यासमोर क्वचितच येते. विधी सेवा यंत्रणेत २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे. म्हसळ्यात उर्दू, मराठी आणि अरबी कागद वाचता येणारी, आखातात वाढून परतलेली शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांतल्या चौघांना प्रशिक्षण द्यावे, सोबत मोडी वाचणारा एक माणूस असावा, आणि महिन्यातून एक दिवस प्रांत कचेरीचा व पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेचा माणूस तालुक्याच्या ठिकाणी बसावा. पहिल्या वर्षी फक्त दोन कामे केली तरी चालतील: ९० दिवसांच्या आत प्रत्येक निकाहाची नोंद, आणि परदेशी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची वर्षाच्या आत वकिलातीत नोंद.